लाल रेघ कोणी सरकवली?

मंगळवारी सकाळी सव्वानऊला फेरतपासेने चार नंबरच्या लिफ्टच्या मोटरवर टॉर्च मारला आणि तो तिथेच थबकला. बोल्टावरची लाल रेघ वाकडी झाली होती.

फेरतपासे हे काही त्याचं आडनाव नव्हे. अकरा मजली कचेऱ्यांच्या त्या इमारतीत सहा लिफ्ट होत्या आणि गेली चोवीस वर्षं हा मिस्त्री त्यांची देखभाल करत होता. काम केलं की तपासायचं, हत्यारं पिशवीत भरली की परत तपासायचं, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून परत वर जाऊन आणखी एकदा तपासायचं. कोणीतरी थट्टेने फेरतपासे म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं की नव्या लोकांना तेच आडनाव वाटे. त्याची बायको म्हणे, "लग्नाआधी हे नाव कळलं असतं तर मीही एकदा फेरतपास केला असता."

रेघेचं प्रकरण साधं आहे. लिफ्टची मोटर गच्चीवरच्या यंत्रखोलीत एका लोखंडी बैठकीवर चार बोल्टांनी बसवलेली असते. महिन्यातून एकदा त्यांचे नट पान्याने आवळायचे आणि प्रत्येक नटावरून खाली बैठकीपर्यंत लाल रंगाची सरळ रेघ ओढायची. मग महिनाभर नटाला हात लावायचं कारण नाही. रोज नुसती रेघ बघायची. रेघ सरळ असेल तर नट जागेवर आहे. रेघेचे दोन तुकडे होऊन ते एकमेकांना चुकले, तर नट फिरलाय. माणसाने काळजी करत बसू नये म्हणून कोणा शहाण्याने ही युक्ती काढली असणार.

आणि काल संध्याकाळी पावणेसातला रेघ सरळ होती. याची त्याला पक्की खात्री होती, कारण ती पावणेसातला त्यानेच ओढली होती. कामाची वेळ साडेपाचला संपते. मग पावणेसातला आपण तिथे काय करत होतो, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःला विचारला नाही. संशय घेणाऱ्याचं बोट नेहमी बाहेरच्या दिशेने असतं.

तो वाकला आणि ज्या बाजूने कोणी कधी बघत नाही त्या भिंतीकडच्या अंगाने त्याने टॉर्च मारला. तिथे दुसरी रेघ होती. बारीक आणि पांढरी. त्याच्या हत्यारांच्या पिशवीत पांढरा रंग कधीच नव्हता.

यंत्रखोलीच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्या कमरेला आणि दुसरी घुम्याकडे.

घुम्या हा त्याचा नवा जोडीदार. सात आठवड्यांपूर्वी दुसऱ्या इमारतीतून बदलून आलेला, पस्तिशीतला, हातात कसब असलेला माणूस. पण बोलायचं म्हटलं की जणू खिशातून काही द्यावं लागतंय. "जेवलास का?" विचारलं तर मान हलवायचा, आणि मान हो म्हणतेय की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. शर्टाच्या खिशात छोटी वही. मधूनच ती काढायचा, काहीतरी टिपायचा, आणि फेरतपासे जवळ आला की मिटायचा. बदली का झाली, हे त्याने सांगितलं नाही आणि साहेबांनीही सांगितलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, हे फेरतपासेने पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

त्यात महिन्याभरात वार्षिक तपासणी होती. उंचावर आणि यंत्रावर काम करायला कोण लायक, कोण नाही, याची यादी साहेब करणार. जो नालायक ठरेल त्याची रवानगी तळघरातल्या भांडारात. तिथे बसून स्क्रूच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. चोवीस वर्षं लिफ्टच्या पोटात शिरून काम केलेल्या माणसाला भांडार म्हणजे जिवंतपणी अडगळीत टाकल्यासारखं.

आणि त्याच्याकडे लपवण्यासारखं काही होतं, हेही खरं. खाई त्याला खवखवे.

तीन वर्षांपूर्वी त्याने सकाळी तपासलेली लिफ्ट दुपारी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत एक बाई चाळीस मिनिटं एकटी होती. आधी तिने हाका मारल्या, मग दार ठोठावलं, मग तिचा आवाज बंद झाला. तिला काही झालं नव्हतं, ती फक्त दमली होती. दाराच्या खाचेत कोणाच्या तरी बुटातून पडलेला खडा अडकला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच. चौकशीत मिस्त्री निर्दोष ठरला. पण ती कागदावरची चौकशी होती. त्याच्या पोटातली चौकशी अजून चालूच होती. तिला ना साक्षीदार लागत, ना पुरावा.

त्या दिवशी पाचव्या मजल्याच्या जिन्यात त्याचा श्वास असा कोंडला की आता आपण संपलो असं त्याला वाटलं. बोटं बधिर झाली, कानात धडधड सुरू झाली. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासलं. ते ठणठणीत होतं.

"तुमचं शरीर धोका ओळखायला फार तयार झालंय," त्या म्हणाल्या. "धोका नसतानाही घंटा वाजवतं."

"म्हणजे लिफ्टचा वेगरोधक फार कमी वेगावर लावून ठेवल्यासारखं," तो म्हणाला. "लिफ्ट नेहमीच्या वेगाने निघाली तरी तो लिफ्टला जखडून टाकतो."

"मला लिफ्टमधलं कळत नाही, पण असंच असावं. आता ऐका. परत जाऊन तपासावंसं वाटलं, की जायचं नाही. जागच्या जागी दहा मिनिटं थांबायचं. भीतीला दहापैकी किती गुण द्याल ते बघायचं. ती वर चढेल, मग आपोआप उतरेल. तुम्ही परत गेलात की तिला उतरायला वेळच मिळत नाही, आणि तिला वाटतं आपण बरोबरच होतो."

त्यांनी हे एका कार्डावर लिहून दिलं. फेरतपासेने कार्ड घेतलं आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की याची दुसरी प्रत साहेबांच्या फायलीत जाणार. कार्ड त्याने हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली, अस्तराच्या आत घातलं. तिथे ते तीन वर्षं पडून होतं. औषध बाटलीतच ठेवून रोग बरा व्हायची वाट बघणारी माणसं असतात, त्यातला हा.

घरीही तीच गत. सकाळी निघताना गॅस बघायचा, चपला घातल्यावर परत बघायचा, दार लावून परत उघडायचं. बायको ओट्याशी उभी राहून म्हणायची, "अहो, मी बंद केला, मी बघितला, तुम्ही दोनदा बघितला. आता त्या गॅसलाच संकोच वाटायला लागलाय." तो हसायचा आणि तिसऱ्यांदा बघून जायचा.

तर अशा माणसाला आपल्या रेघेशेजारी परक्याची पांढरी रेघ सापडली.

त्याने पुरावे गोळा करायला घेतले. बुधवारी त्याने लाल रेघ नव्याने ओढली. गुरुवारी सकाळी ती चुकलेली. गुरुवारी परत ओढली. शुक्रवारी परत तेच. फक्त एकाच बोल्टावर नव्हे, चारही बोल्टांवर. आता त्याला सगळं स्पष्ट दिसायला लागलं. घुम्या नट सैल करतोय. एक दिवस मोटर हलेल, लिफ्ट थरथरेल, चौकशी होईल आणि शेवटची सही कोणाची? फेरतपासेची. म्हातारा मिस्त्री भांडारात, घुम्या त्याच्या जागेवर. वहीत काय टिपतो तेही उघड होतं.

त्याला घुम्याच्या प्रत्येक गोष्टीत डाव दिसू लागला. घुम्याने त्याच्यासाठी चहा आणून ठेवला तर हा आज एवढा गोड का वागतोय. आणला नाही तर आता गरज संपली वाटतं.

शुक्रवारी दुपारी घुम्याने आपणहून तोंड उघडलं. सात आठवड्यांत पहिल्यांदाच.

"तुम्ही संध्याकाळी मागे थांबता का?"

"कोण म्हणालं?"

"सहज विचारलं."

"सहज कोणी काही विचारत नसतं," फेरतपासे म्हणाला आणि दोघंही आपापल्या पान्यांकडे बघत बसले.

जाताना त्याने फाटकावरच्या वॉचमनला गाठलं. "काय हो, माझा जोडीदार सकाळी कितीला येतो?"

"सातला, रोज," वॉचमन म्हणाला. "तो दोन तास आधी येतो, तुम्ही दीड तास उशिरा जाता. तुम्हा दोघांना घरचे हाकलून देतात की काय?"

बस्स. फेरतपासेने ठरवलं, उद्या रंगेहाथ पकडायचा.

शनिवारी साडेसहालाच तो यंत्रखोलीत शिरला. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप होतं, तेव्हा बाहेरून काही कळणार नव्हतं. विजेच्या उंच कपाटामागे भिंत आणि कपाट यांच्यात एक माणूस आडवा उभा राहील एवढी जागा होती. पोट आत ओढून तो तिथे उभा राहिला. धुळीने शिंक येत होती, ती त्याने नाक दाबून मागे पाठवली. एकावन्नाव्या वर्षी हा लपंडाव. पण संशयाने पछाडलेल्या माणसाला आपण हास्यास्पद दिसतोय हे शेवटी कळतं.

सातला कुलूप वाजलं. घुम्या आत आला. त्याने आधी चार नंबरची वीज बंद केली, दोनदा खटका तपासला. मग मोटरपाशी गुडघे टेकून भिंतीच्या बाजूने टॉर्च मारला आणि मोठा श्वास घेतला, वाईट बातमी मिळाल्यासारखा. पाना लावला. जोर लावून फिरवला. जुनी पांढरी रेघ चिंधीने पुसली, नवी ओढली. उठला, दारापर्यंत गेला, कडीला हात लावला आणि थांबला.

तळवे पँटला पुसले. परत आला. परत गुडघे टेकले. परत पाना लावला. ओठ हलत होते. काहीतरी मोजत होता. उठला, दारापर्यंत गेला, कडीला हात लावला, थांबला.

कपाटामागे फेरतपासे ते बघत होता. ते तळवे पुसणं त्याचं होतं. कडीला हात लावून थांबणं त्याचं होतं. तीन वर्षांत त्याने स्वतःला कधी बाहेरून बघितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा घुम्या परत आला. अंगातला सगळा जोर त्याने पान्यावर टाकला आणि टण्णकन आवाज झाला. बोल्टाचं टोक नटासकट पान्यात तुटून आलं.

घुम्या हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला. मग तो तिथेच जमिनीवर बसला.

आता खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी फेरतपासेला आनंद झाला. इथे गप्प उभं राहायचं. घुम्या निघून जाईल. आपण नऊला यायचं, तुटलेला बोल्ट बघायचा, साहेबांना फोन करायचा. पांढरी रेघ आहेच. खेळ खलास. भांडारात कोण जाणार ते आयतं ठरलं.

पण घुम्या निघून गेला नाही. तो छातीवर हात ठेवून हवेसाठी तोंड उघडत होता, आणि हवा आत घेत घेत आणखीच कोंडत होता. बोटं वाकडी झाली होती. ती बोटं फेरतपासेने ओळखली. पाचव्या मजल्याच्या जिन्यात तेव्हा त्याच्याजवळ कोणी आलं नव्हतं.

तो कपाटामागून बाहेर आला. घुम्या एवढा दचकला की पाना हातातून पडला.

"श्वास घेऊ नको," फेरतपासे त्याच्याशेजारी बसत म्हणाला. "आधी सोड. पूर्ण सोड. तोंडाने, हळूहळू. मरत नाहीयेस. मलाही वाटलं होतं, मेलो नाही."

पाचेक मिनिटं ते तसेच बसले. घुम्याची बोटं हळूहळू सरळ झाली.

"तुम्ही इथे कधीपासून आहात?"

"साडेसहापासून. तुला पकडायला."

"मला?" घुम्याचा आवाज चिरकला. "मीच तुम्हाला पकडणार होतो. मला वाटलं तुम्ही नट सैल करताय, मला अडकवायला. मी सकाळी नीट आवळून रेघ ओढतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर रेघ वाकडी."

"मी सैल करतोय? अरे, मी रोज संध्याकाळी आवळतो! सैल तू करतोस."

"मी कशाला सैल करू? मीही आवळतोच."

मग फेरतपासे उठला, दुसऱ्या बोल्टापाशी गेला आणि आपल्या लाल रेघेवर टॉर्च मारला. नटावरचा तुकडा बैठकीवरच्या तुकड्याला चुकला होता. कोणत्या बाजूला चुकलाय, हे त्याने आज पहिल्यांदा बघितलं.

"उजवीकडे," तो म्हणाला.

उजवीकडे म्हणजे घट्ट. कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. चोवीस वर्षांचा मिस्त्री रोज ती रेघ बघत होता आणि रेघ चुकली एवढंच त्याला दिसत होतं. ती धोक्याकडे चुकली की धोक्यापासून दूर, हे बघायला भीतीने त्याला सवडच दिली नव्हती. तो संध्याकाळी आवळायचा, की घुम्याची पांढरी रेघ चुके. घुम्या सकाळी आवळायचा, की याची लाल रेघ चुके. सैल कोणीच केलं नव्हतं. इतके दिवस दोघांनी मिळून तो बोल्ट पिळून पिळून मारला होता, आणि तोही लिफ्ट सुरक्षित राहावी म्हणून.

घुम्याने न विचारता खिशातली वही काढून दिली. पानापानांवर फक्त तारखा आणि आकडे होते. तीन, तीन, चार, तीन, पाच.

"किती वेळा परत येतो ते लिहितो," तो म्हणाला. "वाटलं, लिहिलं की कमी होईल. जुन्या जागी सगळे हसायचे. म्हणून मीच बदली मागून घेतली. मिस्त्री, आता माझी नोकरी जाणार?"

फेरतपासेने नोंदवही उघडली आणि लिहिलं: चार नंबर, बोल्ट जादा आवळल्याने तुटला, उरलेले तीन बदलणे, लिफ्ट बंद. खाली 'आवळणारे' असं लिहून त्याने आधी स्वतःची सही केली आणि मग पेन घुम्यापुढे धरलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "दोन मिस्त्री एकमेकांची चूक न सांगता आपापली सांगतायत. यात काहीतरी गडबड आहे. खरं काय लपवताय?"

तेव्हा फेरतपासेने पिशवीच्या अस्तरातून ते तीन वर्षांचं, तेलाचे डाग पडलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. लपवलेलं एवढंच होतं. साहेबांनी ते वाचलं. परत वाचलं.

"भांडारात जायचंय तुम्हाला?"

"नाही."

"मग तपासणीपर्यंत बघतो. दोघांनाही एकेक ताकीद लेखी मिळेल. आणि साडेपाचला दोन्ही किल्ल्या फाटकावर जमा. सकाळी नऊच्या आधी मिळणार नाहीत."

पुढचा नियम त्यांनी आपसात केला. एकाने आवळायचं, दुसऱ्याने शेजारी उभं राहून बघायचं, आणि रेघ बघणाऱ्याने ओढायची. रेघ ओढली की त्या नटाला पुढच्या महिन्यापर्यंत दोघांपैकी कोणाचाही हात नको.

सोमवारी चार नवे बोल्ट बसले. फेरतपासेने आवळले, घुम्याने लाल रेघा ओढल्या. थोड्या जाड ओढल्या, पण सरळ होत्या. साडेपाचला किल्ल्या फाटकावर टाकून दोघं रस्त्यावर आले आणि कोपऱ्यावरच्या दिव्याखाली थांबले, कारण पाय पुढे जाईनात.

"तिसरा बोल्ट," घुम्या म्हणाला. "तो पूर्ण बसला होता ना?"

फेरतपासेच्या मनातही तिसराच बोल्ट होता. वॉचमन ओळखीचा होता. मागितली असती तर किल्ली दिली असती. छाती धडधडत होती, तळवे ओले झाले होते.

"किती आहे?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"भीती. दहापैकी."

"नऊ."

"माझीही नऊ. थांब इथेच."

ते थांबले. माणसं बाजूने जात होती. कोणी त्यांना रस्ता विचारला, तो घुम्याने चक्क सांगितला. दहा मिनिटांनी घुम्या म्हणाला सात. आणखी थोड्या वेळाने फेरतपासे म्हणाला पाच, आणि हे खोटं नव्हतं. छातीतली धडधड खरंच थोडी ओसरली होती. गेली नव्हती. पण पाच घेऊन घरी जाता येतं. ते आपापल्या वाटेने गेले आणि वळणावर दोघांनीही मागे वळून बघितलं. इमारतीकडे की एकमेकांकडे, ते त्यांचं त्यांना माहीत.

घरी आल्यावर बायकोने चहा केला. कप हातात देऊन ती खुर्चीवर बसली आणि वाट बघू लागली. रोज या वेळी तो उठून स्वयंपाकघरात जायचा. आज तो बसूनच राहिला. कप घट्ट धरून, भिंतीकडे बघत.

"अहो, गॅस बघायचा नाही का?"

"तू बंद केलास ना?"

"केला."

"मग झालं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"नाही. म्हणजे हो. आहे थोडं. चार असेल."

"काय चार?"

"सांगतो नंतर."

तिने आणखी थोडा वेळ त्याला न्याहाळलं, आपल्या चहाचा एक घोट घेतला, आणि मग कप खाली ठेवून उठली. स्वयंपाकघरातून गॅसची कळ चाचपल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, अर्ध्या वाटेवर थांबली आणि परत आत गेली.